पोचवायचा हुकूम

"ठीक आहे," असं तो म्हणाला आणि जिन्याखालून बाहेर रस्त्यावर आला. म्हणाला तरी कसं म्हणावं, तोंडातून निघून गेलं. एकोणीस वर्षांची सवय लागलेलं तोंड दरवेळी धन्याला विचारत बसत नाही. तळमजल्यावरच्या शिवणवाल्या मावशी गळ्यात टेप अडकवून दारात उभ्या होत्या, ओठांत दोन टाचण्या धरलेल्या होत्या, आणि त्या टाचण्या न काढताच त्यांनी विचारलं होतं, "काय भेगवाले भाऊ, ठीक आहे ना?" दर सोमवारी त्या विचारायच्या आणि दर सोमवारी तो सांगायचा. आजही सांगितलं. फक्त आज ते खोटं होतं. रस्ता ओलांडून औषधांच्या दुकानापुढच्या बाकावर तो बसला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की अंतर मोजायचा व्हर्निअर अजून उघडाच हातात आहे, त्याचे दोन जबडे मघाच्या मापावरच थांबलेत, आणि स्क्रू आपण इतका आवळून धरलाय की अंगठ्याचं नख पांढरं पडलंय.

त्याचं काम सांगायला सोपं होतं. जुन्या इमारतींना भेगा पडतात; त्या भेगेच्या दोन बाजूंना पितळेच्या दोन छोट्या खुंट्या बसवलेल्या असतात आणि मध्ये आडवी एक काचेची पट्टी चिकटवलेली असते. दर आठवड्याला जायचं, खुंट्यांमधलं अंतर मोजायचं, काच शाबूत आहे का बघायचं, आकडा रजिस्टरात लिहायचा, खाली सही करायची आणि रजिस्टर ऑफिसात इंजिनिअर साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवायचं. बस. इमारत रिकामी करायची की नाही हे साहेब ठरवणार, नोटिशीवर सही साहेबांची, शिक्का साहेबांचा, आणि ती दारावर चिकटवायला येणारा माणूसही वेगळा. भेग वाचणाऱ्यानं रहिवाशांशी भेगेबद्दल बोलायचं नाही, कुणी विचारलंच तर 'ठीक आहे' एवढंच म्हणायचं, असा लेखी नियम होता. अफवा पसरतात, लोक घाबरतात, जिन्यात चेंगराचेंगरी होते. नियमात चूक काही नव्हती. या इमारतीच्या जिन्याखाली, मीटरच्या खोलीतल्या खांबावरची भेग चौदा आठवड्यांत एक मिलिमीटर सरकली होती. ती गेल्या सात दिवसांत तीन मिलिमीटर सरकली. काच मधोमध तुटून तिचा एक तुकडा खाली पडला होता, आणि तुटलेल्या कडेवर धूळ अजून बसलेली नव्हती, म्हणजे आजची, फार तर कालची. शिवाय मावशी सहज म्हणून गेल्या होत्या, "दोन दिवस झाले, माझं दार घासतंय हो खाली. रंधा मारून घ्यायला हवा." शेजारच्या प्लॉटवर खोल खड्डा खणणं चालू होतं आणि खणणाऱ्या यंत्राचा प्रत्येक घाव बाकाच्या लाकडातून त्याच्या पाठीत येत होता. त्याला इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. पण एकोणीस वर्षं रोज भेगा बघणाऱ्याला पदवी कशाला हवी? ही इमारत आता सांगून थकली होती.

त्यानं ऑफिसला फोन लावला. फोन हेडक्लार्कनं उचलला, म्हणजे उचलायला कंटाळा आल्याचं आधी त्याच्या श्वासातूनच ऐकू आलं.

"साहेब आहेत का?"

"साहेब बाहेरगावी साइटवर. फोन लागत नाही तिकडे. का?"

"आकडा वाढलाय. खूप वाढलाय. काच गेलीय."

"मग रजिस्टरात लिहिलंत ना?"

"लिहिलं."

"सही केलीत?"

"केली."

"मग तुमचं काम झालं की," हेडक्लार्क म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरोखरच थोडी माया होती. "आणून ठेवा टेबलावर. उद्या सकाळी पहिला कागद तोच ठेवतो साहेबांपुढे. आणि हे बघा, तिथे कुणापाशी काही बोलू नका. तुम्हाला सांगायला नको म्हणा. तुमच्यासारखा नाकासमोर चालणारा माणूस सबंध खात्यात नाही."

तुमचं काम झालं. हे तीन शब्द ऐकल्यावर एरवी त्याच्या छातीतलं काहीतरी सैल व्हायचं. फाईल बंद झाली, बसचं तिकीट काढलं, घर आलं. आज ते सैल होईना. त्यानं फोन खिशात टाकला, पुन्हा काढला, वेळ बघितली. चारला दहा मिनिटं कमी होती. पहिल्या मजल्यावर एक बाई पाच वाजता शिकवणी घ्यायच्या. एखाद्या सोमवारी तो उशिरा आला की जिन्याच्या पायथ्याशी लहान लहान चपलांचा ढीग पडलेला असायचा आणि तो पाय वाचवत त्यातून वाट काढायचा. वीस तरी जोड. आणि मग, जिची त्याला आतून वाटच होती आणि जिची लाजही वाटत होती, ती गोष्ट त्याच्या मनात आली, जुन्या ओळखीच्या माणसासारखी, दार न वाजवता. नबी आणि रसूल. खबर आलेला, आणि खबर पोचवायचा हुकूम झालेला. तौबा, तौबा, असं तो स्वतःशीच म्हणाला आणि कानाला हात लावला. कुठे ते आणि कुठे आपण, सिमेंटची धूळ खाणारा कारकुनाहून खालचा माणूस. तुलनासुद्धा पाप. पण ही तुलना तो आज करत नव्हता, ती नऊ वर्षांचा असल्यापासून करत आला होता. आयुष्यात एकदाच पाठ केलेलं एक वाक्य माणसाला किती वर्षं पुरावं? त्याला ते चाळीस वर्षं पुरलं होतं.

मशिदीच्या मागच्या खोलीत तेव्हा रोज संध्याकाळी मुलांचा वर्ग भरायचा. उस्ताद उंच, किडकिडीत, सतत सर्दी झालेले. धडा सांगताना मध्येच थांबून नाक पुसायचे आणि मुलं तेवढ्यात एकमेकांना चिमटे काढून घ्यायची. त्या दिवशी त्यांनी विचारलं, नबी आणि रसूल यांत फरक काय? कुणालाच येईना. मग त्यांनी बोट वर करून सांगितलं होतं की प्रत्येक रसूल हा नबी असतो, पण प्रत्येक नबी हा रसूल नसतो. नबी म्हणजे ज्याच्याकडे वरून खबर आली तो. रसूल म्हणजे ज्याच्याकडे खबर आली आणि ती लोकांपर्यंत पोचवायचा हुकूमही आला तो. नबी सव्वा लाखाच्या आसपास होऊन गेले असं सांगतात, रसूल तीनशेच्या वर थोडे. मुलांनी एका सुरात घोकलं. पण त्याच्या डोक्यात मात्र त्याच क्षणी वजाबाकी झाली होती. सव्वा लाखातून तीनशे गेले. लाखाच्या वर नबी असे, की ज्यांना माहीत होतं, ज्यांच्यावर अल्लाहची मेहेरबानी होती, आणि ज्यांना कुणाला काही सांगावं लागलं नाही! त्याला इतकं हलकं वाटलं होतं की घरी जाताना तो धावला होता. नऊ वर्षांच्या मुलाला असल्या बारीक फरकानं हलकं वाटण्याचं काय कारण, असं कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. कारण घरात बसलेलं होतं, पाय पसरून, भिंतीकडे तोंड करून.

अब्बा धरणावर भोंगा वाजवायच्या कामावर होते. पाण्याची पातळी बघायची, आकडा वरच्या ऑफिसला कळवायचा, आणि वरून हुकूम आला तर भोंगा वाजवायचा, की खालच्या वस्तीनं टेकडीवर जावं. त्या साली एका दुपारी पाणी खुणेच्या वर चढलं, वरचा फोन लागेना, आणि अब्बांनी हुकमाची वाट न बघता भोंगा वाजवला. सगळी वस्ती धावत सुटली. पुलावर ढकलाढकली झाली, वाण्याची आई पडली, तिचं खुब्याचं हाड मोडलं आणि ती पुन्हा कधी चालली नाही. आणि पाणी? पाणी खुणेच्या वर वीतभर चढलं, तिथे तासभर रेंगाळलं आणि गुमान उतरून गेलं. लांडगा आला रे आला! अब्बांना घरी बसवलं. वाण्याच्या दुकानात अम्मा सगळ्यांच्या शेवटी उभी राहू लागली. पोरांनी त्याचं नाव भोंग्या ठेवलं, आणि तो रस्त्यानं जाताना दोन्ही हात तोंडाशी नेऊन लांबलचक सूर काढू लागली. वर्गाला जायच्या वाटेवरच वाण्याचं घर होतं आणि ओट्यावर त्याची आई बसलेली असायची, पायावर चादर घेऊन. ती नुसती बघायची. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. त्यानं पुढे ताक प्यायचंच सोडून दिलं. कळलं तरी सांगायचं नाही. कळणं हा एक दर्जा आणि सांगणं हा दुसरा, आणि दुसरा आपल्याला दिलेला नाही. नोकरी शोधतानासुद्धा त्यानं नेमकी अशी शोधली, की जिथे कळायचा पगार मिळतो आणि न सांगायचा नियम आहे. गोळाबेरीज अशी की तो सुखात होता. बायको म्हणायची, "तुम्हाला काही विचारलं की भिंतीला विचारल्यासारखं वाटतं." त्यावरही तो हसायचा, कारण भिंती किती बोलतात हे त्याला माहीत होतं.

यंत्र थांबलं. खड्ड्यातली माणसं चहाला गेली असणार. अचानक पडलेल्या शांततेत त्याला इमारतीतले आवाज ऐकू आले: शिवणयंत्र, कुणाची तरी शिट्टी, वरच्या मजल्यावर आपटलेली बादली. अकरा घरं. मावशी आत यंत्रावर बसल्या असतील, त्या खांबापासून हातभर अंतरावर, भाऊ ठीक आहे म्हणाले म्हणून. हे मात्र नवीन होतं. आजपर्यंत असं काही कळलं, तर तो नुसता गप्प बसला होता. आज तो बोलला होता, आणि उलट बोलला होता. न सांगणाऱ्यांच्या लाखभर रांगेत स्वतःला मागे कुठेतरी चोरून उभं करणारा तो, पण त्या रांगेत खोटं सांगणारा एक तरी असेल का? त्यानं बाकावरून उठून दोन पावलं टाकली, परत बसला. दुकानदारानं आतून विचारलं, "काही देऊ का? डोकेदुखीचं?" त्यानं मानेनंच नाही म्हटलं. मग आपाला फोन लावला. का लावला हे त्याला नीट माहीत नव्हतं. थोरली बहीण म्हणजे अम्मा गेल्यावर उरलेलं रागावायचं माणूस. ती आता स्वतःच मुलींचा तसाच वर्ग घ्यायची आणि मुली तिला चळाचळा कापायच्या.

"बोल छोट्या. या वेळेला फोन? कुणी गेलं का?"

"नाही. आपा, एक विचारायचं होतं. नबी आणि रसूल यातला फरक."

"तुझी तब्येत बरी आहे ना?"

"उस्तादांनी सांगितलं होतं ना, की रसुलाला पोचवायचा हुकूम होता. नबीला नव्हता. तसंच आहे ना ते?"

"ते पहिल्या दिवशी सांगितलं होतं," आपा म्हणाली. "तू दुसऱ्या दिवशी आला नव्हतास. वाण्याच्या ओट्यापाशी पोरांनी तुझा भोंगा केला, आणि तू पळून घराच्या मागे जाऊन लपलास. मी एकटीच गेले होते."

त्याला आठवलं. घराच्या मागे लाकडांचा ढीग होता आणि त्यामागे अंधार पडेपर्यंत तो बसला होता.

"पहिल्या दिवशी मीच विचारलं होतं उस्तादांना," आपा सांगत होती, "की मग ते लाखभर नबी नुसते बसून होते का? उस्ताद म्हणाले, उद्या सांगतो, मला वाचून बघावं लागेल. आणि दुसऱ्या दिवशी बिचाऱ्यांनी सगळ्या मुलांसमोर कबूल केलं, की काल मी एकच मत सांगितलं. मतं पुष्कळ आहेत. कुणी म्हणतात रसूल नवा कायदा घेऊन येतो आणि नबी आधीचाच कायदा चालवतो. कुणी म्हणतात रसूल न मानणाऱ्यांकडे जातो आणि नबी आपल्याच माणसांत राहून त्यांना वळण लावतो. पण ग्रंथात दोघांबद्दलही 'पाठवलं' असंच म्हटलंय. पाठवलं, म्हणजे कुणाकडे तरी पाठवलं ना? आणि उस्ताद म्हणाले, कयामतच्या दिवशी एखादा नबी असाही येईल, की त्याच्यामागे एकसुद्धा माणूस नसेल. आता मागे कुणी आलं नाही असं कधी म्हणतात? त्यानं बोलावलं असेल तरच ना?"

"पण पहिलं मतही आहेच ना?" त्याचा आवाज त्यालाच लहान वाटला. "हुकूम नव्हता असं म्हणणारेही आहेत ना?"

"आहेत. मोठे लोक आहेत. पण हुकूम नव्हता म्हणजे मनाई होती, असं त्यांच्यातलं कुणी म्हणालं नाही छोट्या." तीस वर्षं वर्ग घेणाऱ्या बाईला मूल कुठल्या प्रश्नाआड कुठला प्रश्न लपवतंय हे कळतं. "काय झालंय?"

त्यानं सांगितलं. भेग, काच, मावशी, "ठीक आहे". सांगायला एक मिनिटही लागलं नाही.

"आणि तू बाकावर बसून मला धडा विचारतोयस?" आपाचा आवाज चढला. "अरे, तू नबी नाहीस आणि रसूलही नाहीस. पगार घेऊन भेगा मोजणारा माणूस आहेस तू. त्यांच्या नावांचा एवढा मोठा आडोसा तुला लागतो कशाला?"

"अब्बांनी सांगितलं, काय झालं?"

"अब्बांनी सांगितलं," आपा म्हणाली. फोन तिनं ठेवला नाही, त्यानंच ठेवला.

त्यानं रस्ता ओलांडला. मावशींच्या दाराशी जाऊन तो उभा राहिला. यंत्र चालू होतं, पायाखाली पट्टा सरसरत होता. नेमके कुठले शब्द वापरायचे? नियमाच्या वहीत रहिवाशांसाठी एकच वाक्य होतं आणि ते त्यानं मघाशीच वापरून टाकलं होतं.

"मावशी," तो म्हणाला, "मघाशी मी खोटं बोललो."

यंत्र थांबलं. मावशींनी त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीत खोचल्या.

"भेग वाढलीय. फार. तुमचं दार त्यामुळेच घासतंय. तुम्ही बाहेर या. आत्ता. कपडे राहू देत."

"लोकांचे कपडे आहेत हो," मावशी म्हणाल्या, पण उठल्या. त्या नुसत्या उठल्या हे बघूनच त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि स्वतःचा रागही आला, रडायला वेळ कुठे होता! तो जिना चढला. पहिला मजला, दुसरा, तिसरा. दारं वाजवली. इमारत खाली करा, खांब गेलाय, सावकाश उतरा, एकामागून एक उतरा, धावू नका. धावू नका हे तो प्रत्येक दारात दोनदा सांगत होता. दुसऱ्या मजल्यावर इमारतीचे सेक्रेटरी राहायचे, बँकेतून निवृत्त झालेले. बनियनवरच बाहेर आले आणि त्यांनी हात पुढे केला.

"कागद?"

"कागद नाही. साहेब बाहेरगावी आहेत."

"मग कुणाच्या हुकमानं हे चाललंय?"

"कुणाच्याच नाही."

"आता तासाभरापूर्वी तुम्ही खाली मावशींना ठीक आहे म्हणालात, मी गॅलरीतून ऐकलंय. एवढ्यात काय झालं भेगेला?"

"भेगेला काही झालं नाही. ती तेव्हाही एवढीच होती. मी सांगितलं नाही."

"म्हणजे तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?"

रास्त प्रश्न होता. जगातला सगळ्यात रास्त प्रश्न होता, आणि त्याच्याजवळ उत्तर म्हणून एक रजिस्टर होतं. त्यानं ते उघडून समोर धरलं. पंधरा आठवड्यांचे आकडे, एकाखाली एक, एकाच हातचे, शेवटचा सोडून सगळे जवळजवळ सारखे. सेक्रेटरींनी चष्मा वर करून ते वाचले. बँकेतल्या माणसाला आकड्यांचा स्तंभ कुठे बिघडलाय ते दिसतं. ते आत जाऊन शर्ट घालून आले आणि जाता जाता म्हणाले, "हे खोटं निघालं तर तुमची नोकरी मी घालवीन, लक्षात ठेवा." शिकवणीवाल्या बाईंनी फाटकाशीच उभं राहून मुलांना परत पाठवायला सुरुवात केली. अकरा घरं वीस मिनिटांत खाली आली. कुणी पडलं नाही. कुणी कुणाला ढकललं नाही.

आणि मग सगळे रस्त्याच्या पलीकडे उभे राहिले आणि इमारत आपली उभी होती. पाच वाजले. साडेपाच. खड्ड्यातल्या माणसांना त्यानं जाऊन थांबवलं होतं, त्यामुळे आता आवाजही नव्हता. कलत्या उन्हात गॅलरीतले वाळत घातलेले कपडे हलत होते. इतकी साधी, इतकी निरागस दिसत होती ती इमारत, की तिच्याबद्दल असं काही बोलायची हिंमत आपल्याला झाली कशी असं कुणालाही वाटलं असतं. लोक आधी घाबरून गप्प होते, मग कुजबुजू लागले, मग कंटाळले. कुणीतरी मागून ओरडलं, "काय हो भेगवाले, पडायची वेळ काय दिलीय?" आणि बरेच जण हसले. हेडक्लार्कचा फोन आला. या वेळी आवाजात माया नव्हती. कुणा रहिवाशानं तक्रार केलीय, साहेबांना निरोप गेलाय, साहेब सातपर्यंत जीप घेऊन स्वतः येतायत, आणि तुम्ही, काय म्हणावं तुम्हाला, तुम्ही आहात तिथेच थांबा. तो म्हणाला, हो. तो इमारतीच्या दाराशीच थांबला होता, कारण आता एकेक जण चष्मा, औषध, गॅसची शेगडी अशी कारणं काढून आत जायला बघत होता, आणि तो प्रत्येकाला हात आडवा करून परत पाठवत होता.

तेवढ्यात वरच्या गॅलरीच्या खालून गिलाव्याचा एक पोपडा सुटला, तळहाताएवढा, आणि त्याच्या पायाशी येऊन फुटला. त्याला आनंद झाला. स्वच्छ, गरम, पोटातून वर आलेला आनंद. चला! तो मान वर करून बघत राहिला, आणखी पडेल म्हणून, मोठं पडेल म्हणून, पाठीमागची सगळी गर्दी बघतेय तोवर पडेल म्हणून. पड, असं तो म्हणत होता. ओठ हलत होते. पड ना! साहेब येईपर्यंत तरी. आणि मग त्यानं स्वतःचं ते ऐकलं. भोंगा वाजवल्यावर अब्बा तीन दिवस धरणाच्या काठावर जाऊन उभे राहिले होते, जेवायलासुद्धा आले नव्हते. पश्चात्ताप करतायत, असं अम्मा सांगायची, आणि आजवर त्यालाही तसंच वाटत आलं होतं. पाण्याकडे बघत अब्बा कशाची वाट बघत होते ते आता त्याला समजलं. आणि तीन दिवसांनी अब्बा घरी परत आले होते, पाण्याकडे पाठ करून. ते भिंतीकडे तोंड करून का बसले हेही समजलं. त्यांना भीती वाटली होती ती स्वतःचीच.

"भाऊ," शिवणवाल्या मावशी हळूच येऊन शेजारी उभ्या राहिल्या होत्या. "खरंच पडेल का हो?"

"माहीत नाही," तो म्हणाला. आज पहिल्यांदाच तो एवढं खरं बोलला. "पडेल असं मला वाटलं. म्हणून सांगितलं."

"आणि नाहीच पडली तर तुमचं काय?"

"जे व्हायचं ते होईल."

"चाळीस वर्षं राहतेय मी इथे," मावशी म्हणाल्या, आणि पदरानं तोंड पुसलं. "न पडो."

त्याला उत्तर द्यायचं होतं. दोनच शब्द होते आणि ते बाहेर निघेनात, कारण आत खोलवर अजूनही ते दुसरं काहीतरी चालूच होतं, पड, पड, पड, नाडीसारखं. रस्त्याच्या टोकाला जीपचा आवाज आला. गर्दीनं माना वळवल्या. सेक्रेटरी शर्ट नीट करत पुढे निघाले. तो दारातून हलला नाही. त्यानं तळहात पाठीमागे नेऊन भिंतीवर टेकवला, ऊन खाऊन ती अजून कोमट होती, आणि सगळा जोर लावून, मावशींना ऐकू जाईल एवढ्या आवाजात तो म्हणाला, "न पडो. या अल्लाह, मला खोटा ठरव, पण हिला उभी ठेव."